निरोपाची ओळ

माझे पहिले श्रोते मेलेले होते.

हे मी मुलाखतींत कधी सांगितलं नाही. पुण्याच्या पत्रकारांना 'बालपणीचे संस्कार' हवे असायचे. मग मी जात्यावरच्या ओव्या, देवळातली पहाट असलं काहीतरी ठोकून द्यायचे. ते खूश, मी मोकळी. आमच्या घरी जात्यावर कुणीच दळत नव्हतं, गावात गिरणी होती.

खरं असं आहे की आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस गेला की त्याला जाळत नाहीत, पुरतात, आणि तेही बसवून. मांडी घालून भिंतीला टेकवतात, कपाळाला भस्म लावतात, हनुवटीखालून पट्टी बांधतात, मान पडू नये म्हणून मागच्या खुंटीला दोर घालतात. तिकडे खड्डा खणून होईपर्यंत इकडे समोर बसून भजन करायचं. घाटनांदूरच्या आमच्या भजनी मंडळाचे म्होरके माझे वडील. त्यांना आम्ही आप्पा म्हणायचो. स्टेशनच्या वाटेवर आमचं किराणा दुकान होतं. मंडळातला पेटीवाला दारूपायी वाया गेला आणि दुसरा मिळेना, तेव्हा आप्पांनी मला बसवलं. भात्यापर्यंत माझा हात जेमतेम पोचत होता.

"मान वर करून वाजीव पोरी," ते म्हणायचे. "समोर माणूस बसलंय. ते ऐकतंय."

मी मान वर करायचे. भर दुपार असायची, दारातून ऊन थेट त्या चेहऱ्यावर यायचं. डोळे पूर्ण मिटलेले नसायचे. ओठावर माशी बसायची आणि उडायची, आणि पेटीचा भाता श्वास घेत राहायचा. खोटं कशाला बोलू, मला भीती वाटत नव्हती. मेलेला माणूस खोकत नाही, मधेच उठून पान खायला जात नाही. पुढं मी पुष्कळ सभागृहं पाहिली, इतकं शांत ऐकणारं कुणी भेटलं नाही. फक्त एकदा दचकले. बांगड्या विकणारी एक म्हातारी गेली होती. खुंटीचा दोर सैल झाला असावा. मी समेवर आले आणि तिची मान हळूच पुढं झुकली. टाळ धरलेली माणसं गाणं न थांबवता तिच्याकडे बघत राहिली. आप्पा उठले, त्यांनी तिची मान सरळ केली आणि परत येऊन बसले.

आमच्या मंडळाची एक रीत होती, ती दुसऱ्या गावांत मी कुठं ऐकली नाही. मयतीचं भजन आम्ही घरात पुरं करत नसू. शेवटचं कडवं आलं की शेवटच्या ओळीच्या अलीकडे आप्पा हात वर करायचे. टाळ थांबायचे, मी भाता सोडून द्यायचे. सूर अधांतरी राहायचा, पायरी समजून पाऊल टाकावं आणि खाली पायरीच नसावी तसं व्हायचं. उरलेली ओळ खड्ड्यापाशी. पहिली मूठ माती पडली की म्होरक्यानं खाली वाकायचं आणि ती ओळ मेलेल्याच्या कानात, त्याचं नाव घेऊन, अगदी हळू म्हणायची. तिला निरोपाची ओळ म्हणत. काठावर उभ्या असलेल्यांनाही ती धड ऐकू येत नसे. म्होरका आपल्या मागून येणाऱ्याला दोनचारदा शेजारी वाकू द्यायचा, तेवढीच शिकवणी. एरवी ती गुणगुणायची नाही, पेटीवर काढायची नाही. निरोप दिला की माणूस गेला.

आणि नाही दिला तर? आप्पांच्या आधीचे म्होरके एकदा परगावी होते, तेव्हा एका घरातला कर्ता माणूस तसाच पुरला होता. त्या घरी दुपारच्या जेवणाला एक पाट रिकामा मांडायचे. मी तो पाट पाहिलाय. बाकीच्या पाटांवर रंग होता, त्या एकाचा रंग बसून बसून गेल्यासारखा उडालेला होता. तुम्ही हसाल. पुण्यात असताना मीही हसायचे.

मयत उठली की गावातल्या बायका रेल्वेच्या रुळांपर्यंत जायच्या. पलीकडे फक्त पुरुष. माझ्या बरोबरीच्या मुलीही रुळांपर्यंत जाऊन यायच्या. मला मात्र आई दंडाला धरून घरात आणायची, मागच्या खोलीत न्यायची, दार लावायची आणि उखळात कांडायला बसायची. ते कांडणं एवढ्या जोरात चालायचं की मला माझाच आवाज ऐकू येत नसे.

"काय कांडतीस माय?"

"मसाला."

एकदा मी उठून डोकावले. उखळ रिकामं होतं. आई नुसत्या दगडावर मुसळ आपटत होती आणि तिचे डोळे माझ्यावर होते. मी गुपचूप जागेवर येऊन बसले. याबद्दल तिला मी कधी विचारलं नाही. ज्या गोष्टी विचारायच्या नाहीत त्या लहान मुलांना बरोबर कळतात.

अशा आणखीही गोष्टी होत्या. गावातल्या म्हाताऱ्या माझा लाड करायच्या, पण गालाचा मुका घेत नसत. त्या मनगट धरायच्या आणि थोडा वेळ धरूनच ठेवायच्या. खड्डे खणणारा म्हातारा विडीबंडल घ्यायला दुकानात यायचा, माझ्याकडे बघायचा आणि आप्पांना विचारायचा, "हाय का?" आप्पा म्हणायचे, "हाय." मी समोर उभी असायचे, तरी मला कुणी काही विचारत नसे. माझ्या दोन धाकट्या भावांच्या बारशाच्या गोष्टी घरात चवीनं निघायच्या, कुणी किती जेवलं, कुणाचं पातळ जळलं. माझं बारसं झालंच नव्हतं. राहून गेलं, एवढंच सांगायचे. आणि आप्पांनी मला उभ्या जन्मात नावानं हाक मारली नाही. मी 'पोरी'. मी मोठी झाल्यावर त्यांना चिडवायचे, "आप्पा, मला नाव हाय, ठावं हाय का तुमाला?" ते हसायचे नाहीत.

अंबाजोगाईला कॉलेज झालं आणि मी पुण्याला गेले. गाणारी होण्यासारखा गळा नव्हता. घासलेल्या पातेल्यासारखा आवाज आहे, हे माझ्या गुरुजींनी पहिल्याच दिवशी सांगितलं, देव त्यांचं भलं करो. मी रचना करायला लागले. त्या वर्षांत टीव्हीवर रोज नवी वाहिनी उगवत होती आणि प्रत्येक वाहिनीला साबण विकायचे होते. साबणांच्या, तेलांच्या, बनियनच्या जाहिरातींना मी चाली दिल्या. त्यावर घरभाडं निघायचं. उरलेल्या वेळात मी माझं काम करायचे. सारंगी, चेलो, दोन व्हायोलिनं आणि पेटी. गायक नाही, शब्द नाहीत. लोक त्याला आधुनिक म्हणायला लागले तेव्हा मला हसू यायचं. मी कुठली आधुनिक, किराणा दुकानातली.

माझ्या रचना समेवर संपत नाहीत, यावर समीक्षकांनी फार लिहिलं. त्यात त्यांना बंड दिसलं, काळाची अस्वस्थता दिसली. मी गप्प बसले, कारण पोटापाण्याचा प्रश्न होता. मला शेवट करता येत नव्हता, बस्स. शेवट आला की माझा हात आपोआप भाता सोडून द्यायचा. लहानपणापासून मी गाणं तिथंच थांबलेलं ऐकलं होतं. पुढं काय असतं हे मला ठाऊक नव्हतं आणि ते मला हवं होतं. एखाद्याला पाणी हवं असतं तसं हवं होतं.

सुरुवात मात्र कधी अडली नाही. पहिल्या रचनेपासून एकच सुरावट माझ्यापुढं येऊन उभी राहायची. कोमल धैवतावरून पंचमावर टेकायचं, मग थोडी रिकामी जागा, मग खालच्या षड्जावर उतरायचं. कुठून आली कुणास ठाऊक, पण लहानपणी तापात ती यायची, कंटाळा आला की यायची. प्रत्येक रचनेत थोडी वेष पालटून ती पुढं असायचीच. चेलो वाजवणारे एक पारशी गृहस्थ होते, ते दर वेळी त्या रिकाम्या जागेपाशी थांबायचे.

"बाई, इथे काय वाजवायचा?"

"काही नाही. मोकळी सोडा."

"मोकळा सोडला की मला वाटते, कोणाला तरी हाक मारायचा राहिला." आणि मग डोकं हलवत म्हणायचे, "तुम्ही बाई, सुरू करतानाच दार बंद करता."

माझी पहिली कॅसेट निघाली तेव्हा ती घेऊन मी गावी गेले. सोबत एक नवा टेपही नेला. एक बाजू संपली की कॅसेट उलटायला नको, टेप आपला आपण दुसरी बाजू लावायचा. गावात त्याचं भारी कौतुक झालं. भावांनी दुकानातच तो लावला. आप्पा वसुलीला गेले होते. ते आले तेव्हा दुसऱ्या बाजूची शेवटची रचना चालू होती. मयतीच्या भजनाची चाल मी त्यात घेतली होती, सारंगीवर. आप्पा पोत्यावर टेकले, डोळे मिटून ऐकू लागले. त्यांचा चेहरा असा उजळला की माझे सगळे कष्ट वसूल झाले.

"आपलंच हाय की गं," ते म्हणाले.

चाल शेवटच्या कडव्याशी आली आणि थांबली. आप्पांचा हात सवयीनं वर गेला होता. टेपनं खट्ट आवाज केला, बाजू बदलली आणि पहिली रचना सुरू झाली. धैवत, पंचम, रिकामी जागा, षड्ज.

आप्पा उठले. त्यांनी टेपची बटणं दाबून पाहिली, मग वायरच ओढून काढली. चेहऱ्यावर रंग नव्हता.

"हे कुठनं घेतलंस?"

"कुठून म्हणजे? माझंच आहे."

त्यांनी वायर मुठीत गुंडाळली. "व्हय," म्हणाले. "तुझंच हाय."

मग ते परसात गेले, अंगावरच्या कपड्यांसकट डोक्यावर गार पाणी ओतून घेतलं. मातीहून आल्यावर पुरुष करतात तसं. मी दारात उभी होते. मला वाटलं, मयतीची चाल बाजारात विकली म्हणून त्यांना राग आला. मलाही राग आला. सगळ्या महाराष्ट्रानं वाखाणलेल्या कामावर माझ्या बापानं अंघोळ केली होती! दुसऱ्याच दिवशी मी पुण्याची गाडी धरली.

त्यानंतर त्यांचे फोन सुरू झाले. रोज सकाळी ते स्टेशनजवळच्या एसटीडीवर जायचे.

"हाय का?"

"आहे."

की फोन ठेवून द्यायचे. तब्येत विचारणं नाही, कधी येतेस नाही. मी पहिल्यांदा चिडले, मग हसले, मग सवय झाली. एखाद्या दिवशी मी उशिरा उठले तर घंटा वाजत राहायची, थांबायची, पुन्हा वाजायची. उचलला की त्यांचा श्वास ऐकू यायचा, पळत आल्यासारखा.

आप्पांच्या मागून म्होरका व्हायचा तो दिंद्रुडचा त्यांचा आतेभाऊ. त्याला त्यांनी शेजारी वाकू दिलं होतं, ओळ त्याच्याकडे गेली होती. तो आप्पांच्या आधीच गेला. शेतातून घरी आला, पाणी मागितलं आणि पाणी येईपर्यंत संपला. त्याला निरोप आप्पांनी दिला. ती त्यांनी म्हटलेली शेवटची ओळ. पुढं काही महिन्यांत त्यांचा घसा बसला तो उठलाच नाही. गाठ निघाली, ऑपरेशन झालं. आवाज गेला, नुसता वारा राहिला. शब्द कानाशी नेला तरच कळायचा. गावातली तरणी पोरं पुण्या-औरंगाबादच्या कारखान्यांत गेली होती. मंडळात उरलेल्या चार म्हाताऱ्यांना टाळ उचलत नव्हते आणि ओळ कुणालाच येत नव्हती.

म्हणजे गावभर माणसांना निरोप दिलेल्या माझ्या बापाला निरोप द्यायला कुणी उरलं नव्हतं. मला सारखा तो रंग उडालेला पाट दिसायचा. दुपारी मी जेवायला बसले की घास फिरायचा.

मी गावी गेले आणि सरळ विषय काढला. "आप्पा, मला शिकवा."

ते वाऱ्यानं म्हणाले, "तुला न्हाई."

"कावून? बाई हाय म्हणून?"

"तुला न्हाई."

"मग कुणाला? हाय कोण दुसरं? तुमची पेटी मी धरली, आन् आता मीच नको?"

त्यांनी पेटीवर कापड टाकलं आणि तोंड फिरवलं. मी खूप बोलले, त्यात चांगलं काही नव्हतं. आई चुलीशी बसून ऐकत होती. तिनं एकदाच तोंड उघडलं, "सोड गं त्यो नाद." पण मी सोडणारी नव्हते.

पावसाळा सरता सरता मी त्यांना जीपनं कपिलधारला नेलं. आमच्या संतांच्या समाधीचं दर्शन झालं. धबधबा भरून पडत होता. खाली उभं राहिलं की शेजारच्या माणसाचं ओरडणंही ऐकू येत नव्हतं. मी ते आधीच हेरून ठेवलं होतं. आप्पांचा कान जवळ ओढून मी ओरडले, "आता म्हणा! इथं कुणाला ऐकू जात न्हाई. मला पण न्हाई. नुसतं म्हणा, मी ओठ बघते!"

पाण्याचे तुषार त्यांच्या भस्मावर पडून कपाळावरून राखेचे ओघळ आले होते. ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या नजरेत राग नव्हता, भीती होती. एवढ्या मोठ्या माणसाला माझी भीती वाटत होती. मग त्यांचे ओठ हलले. मी डोळ्यात प्राण आणून बघत होते. ती ओळ नव्हती. ते माझं नाव होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझं नाव घेतलं, तेही आवाज नसताना, पाण्याखाली. लगेच त्यांनी उपरण्यानं स्वतःचं तोंड दाबून धरलं. परतताना जीपमध्ये त्यांनी माझं मनगट धरलं होतं, गाव येईपर्यंत सोडलं नाही.

सकाळचे फोन त्यानंतरही चालू राहिले. उचलला की नुसता वारा. मी म्हणायचे, "आहे, आप्पा." मग पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज यायचा.

चैत्रात एक दिवस फोन आला नाही. दुपारी धाकट्या भावाचा आला.

मी पोचले तोवर त्यांना बसवलं होतं. दुकानाच्याच ओसरीवर, पोती बाजूला सारून. भस्म, हार, हनुवटीखाली पट्टी. ऊन थेट चेहऱ्यावर. पेटी समोर ठेवलेली होती आणि तिच्यापुढची जागा माझ्यासाठी मोकळी होती. मी बसले. त्यांनीच शिकवलं होतं, म्हणून मान वर करून वाजवलं. डोळे पुरते मिटलेले नव्हते. वाजवताना मला एकदाही रडू आलं नाही, श्रोता समोर बसलेला असताना रडत नाहीत. शेवटचं कडवं आलं. हात वर करायला कुणी नव्हतं, तरी सगळे तिथंच थांबले. मी भाता सोडला.

खड्डा तयार असल्याचा निरोप येऊन गेला होता. स्वामी, म्हणजे आमच्यातले विधी करणारे जंगम, म्हातारे होते. त्यांनी मंडळातल्या माणसांकडे पाहिलं. त्या माणसांनी जमिनीकडे पाहिलं.

"ओळ कोण म्हणणार?"

धाकटा भाऊ म्हणाला की अंबाजोगाईला भजनाच्या कॅसेटी मिळतात, टेप तर घरात आहेच, तिथं नेऊन लावू. स्वामींनी त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की तो आत निघून गेला.

"ती म्हणल," आई म्हणाली. ती आप्पांच्या शेजारी भिंतीला टेकून बसली होती. "तिला येतंय."

"मला येत नाही," मी म्हणाले. "त्यांनी मला शिकवली नाही. माय, तुला ठावं हाय."

"शिकवली न्हाई. म्हणली."

"कधी?"

"तुझ्यावर." ती माझ्याकडे न बघता बोलत होती, आप्पांच्या पायावरचा हार नीट करत. "बारशाच्या आदल्या दिवशी तुला ताप आला. निळी पडलीस. दुपारपातूर वाट बघितली, तू हलंनास. ह्यांनी तुला उचलून नेलं. लहान लेकराला भजन करत न्हाईत, पर पयली लेक व्हतीस, ह्यांचा जीव राहिना. खड्ड्यात बसवलं. मूठभर माती टाकली. ओळ म्हणायची तर नाव लागतंय, आन् तुला नाव न्हवतं. मग नाव तितंच ठेवलं. नाव घेतलं, ओळ म्हणली. आन् तू रडलीस."

स्वामींनी मान हलवली. ते तेव्हा तिथं होते.

"निरोप दिलेलं माणूस घरी आणलं आमी," आई म्हणाली. "दिलेला निरोप परत कसा घ्यायचा, कुणाला ठावं? ह्यांना वाटायचं, तुझ्या कानावर ती ओळ पडली तर तू उठून चालाय लागशील. नाव घेतलं तरी जाशील. म्हणून मी कांडत बसायचे. ओळीत शब्द न्हाईत, नुसता सूर आन् नाव. त्या दिवशी तुझा टेप ऐकला आन् सगळी ओळ त्यात व्हती. तेवढी नावाची जागा सोडून. तवापासनं ह्यांना झोप न्हवती. रोज बघायचे, हाय का न्हाई."

मी पेटीवर हात ठेवून बसले होते. माझे हात मला माझे वाटत नव्हते. कौतुकाचे लेख, सभागृहं, चेलोवाल्या पारश्याचं डोकं हलवणं, सगळं एका बाजूला राहिलं. तापात येणारी ती सुरावट काय होती आणि ती म्हणणारा आवाज कुणाचा होता हे मला तिथं, त्या आवाजाच्या मालकासमोर बसून कळलं. भीतीनं माझी गाळण उडाली, आणि त्याच वेळी मला त्यांच्या कुशीत शिरावंसं वाटलं. दोन्हीपैकी काहीच करता आलं नाही. मी उठले.

सजवलेल्या मखरात बसून आप्पा निघाले. रुळांपाशी बायका थांबल्या. मी थांबले नाही आणि मला कुणी अडवलं नाही. पलीकडे उन्हात नुसतं माळरान होतं, एक बाभूळ होती. इथं यायला मला कुणी कधी दिलं नव्हतं, तरी वाट माझ्या पायांना माहीत असल्यासारखी वाटली. बाभळीच्या अलीकडे एक लहानशी सखल जागा होती, मूल मावेल एवढी. तिच्यावर गवत नव्हतं. सगळी माणसं तिला वळसा घालून गेली, मीही वळसा घातला.

त्यांना उतरवलं. भावानं पहिली मूठ टाकली. मी गुडघे टेकून खाली वाकले. आप्पांच्या कानाजवळ गार ओल्या मातीचा वास होता. कोमल धैवत लावला, पंचमावर टेकले, आणि त्या रिकाम्या जागेत, जिथं इतकी वर्षं मी कुणालाच काही वाजवू दिलं नव्हतं, तिथं मी माझ्या बापाला त्याच्या नावानं हाक मारली. लेकीनं बापाला अशी हाक मारायची नसते. ती अगदी बरोबर बसली. मग षड्जावर उतरले. माझा आवाज घासलेल्या पातेल्यासारखाच होता, पण तो त्यांच्यापलीकडे कुणी ऐकला नाही.

मी कान देऊन तशीच थांबले. काय ऐकायचं होतं मला? ते रडतील असं वाटत होतं. माझ्या वेळी झालं होतं, मग त्यांच्याही वेळी व्हावं, एवढीच आशा होती. खालून काही आलं नाही. स्वामींनी माझ्या खांद्याला हात लावला आणि मला मागं घेतलं. माणसं माती लोटू लागली.

घरी आलो तेव्हा आई तांब्या घेऊन दारात उभी होती. एकेकाच्या पायावर पाणी घालत होती. स्वामी माझ्या मागंच होते. पाय धुताना त्यांनी मला सांगितलं, आता ओळ तुझ्याकडे आली, तू कुणाला तरी देऊन ठेव. आणि मग जरा थांबून, काळजीनं, "न्हाईतर तुझ्या येळंला कोण म्हणल बाई?"

"तिचं कवाच म्हणून झालंय," आई म्हणाली. तिनं तांब्या खाली ठेवला आणि ओल्या हातानं माझं मनगट धरून ठेवलं.